पी-०१७१ घेऊन घाटावर

पहिला दिवस : सपाटी

उजाडायच्या आत दोन गाड्या निघाल्या. पुढे मित्राची, वहिनी चालवत होत्या. मागे आमची, आणि माझ्या शेजारी मामा. सपाट, सरळ, कंटाळवाणा रस्ता. तासाभरात मामांची नजर बाहेरून आत वळली आणि स्टिअरिंगखाली खोचलेल्या काळ्या डबीवर येऊन थांबली.

“हे काय लावलंयस?”

“स्कॅनर आहे मामा. इंजिनाचा कॉम्प्युटर काय बघतोय ते मोबाइलवर दिसतं.”

“आणि ते आपण कशाला बघायचं? त्याचं तो बघतोय ना?”

रस्ता मोकळा होता म्हणून सांगत बसलो. १९९६ सालच्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला १६ पिनांचं हे एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं आणि पुढे बहुतेक जगभर तेच रुळलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि कॉम्प्युटर बिघाडाची नोंद ज्या खुणेने करतो ते कोडही वेगळे. काही गाड्यांत तर तारेच्या तुकड्याने दोन पिना जोडायच्या, डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजायची आणि त्यावरून कोड ओळखायचा. आता १६ नंबरच्या पिनेत बॅटरीचा करंट, ४ आणि ५ मध्ये अर्थिंग, आणि हल्लीच्या गाड्यांत ६ आणि १४ नंबरच्या तारांवर कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. करंट कायम चालू असतो, त्यामुळे डबी तशीच खोचून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर बॅटरी बसू शकते. एवढ्या सगळ्यातलं मामांना हे शेवटचं तेवढं पटलं. मुक्कामी पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी त्यांनी मला डबी काढायची आठवण केली.

काढण्याआधी सवयीने कोड पाहिले. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला नव्हता, पक्का नोंदलेला कोड एकही नव्हता. पण पेंडिंगच्या रकान्यात एक ओळ होती : पी-०१७१.

कोड वाचायला सोपे असतात. पहिलं अक्षर पी असेल तर भानगड इंजिन किंवा गिअरबॉक्सची. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग वगैरे चॅसिसचा भाग, आणि यू म्हणजे कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं तुटलंय. त्यापुढे शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा खासगी. म्हणूनच पी-१ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीत शोधू नये. तिसऱ्या जागेवर १ किंवा २ म्हणजे हवा आणि इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, ४ म्हणजे धुराचं प्रदूषण रोखणारी उपकरणं, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे खुद्द कॉम्प्युटर, ७ आणि ८ म्हणजे गिअरबॉक्स. पी-०१७१ चा सरळ अर्थ असा की पहिल्या बँकेत मिश्रण पातळ आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि एक नंबरचा सिलिंडर ज्या रांगेत, ती पहिली बँक. आमच्या चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाला रांगच एक, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

पेंडिंग म्हणजे संशय. कॉम्प्युटरला एका प्रवासात खटकलं की तो टिपून ठेवतो, आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच दिसलं तर कोड पक्का करून दिवा लावतो. सगळ्याच दोषांना ही सवलत नसते, पण मिश्रणाच्या कोडला असते.

मामांना म्हटलं, “उद्या बहुतेक दिवा लागेल.”

“मग आजच काय ते कर.”

“आज कळणार नाही. उद्या कुठे लागतो ते बघू.”

दुसरा दिवस : रेल्वे फाटक ते घाटमाथा

तो रेल्वे फाटकात लागला. मालगाडी लांबलचक, गाड्यांची रांग, आमचं इंजिन गरम आणि आयडलवर. पिवळा दिवा पेटला तेव्हा गाडीत बाकी काहीही बदललं नव्हतं. आवाज तोच, धक्के नाहीत. मामांनी लगेच हँडब्रेक ओढला, का ते त्यांनाच ठाऊक.

दिवा स्थिर असेल आणि तापमानाचा काटा, ऑइलचा लाल दिवा, पिकअप हे सगळं ठीक असेल तर तिथल्या तिथे थांबायची गरज नसते. मी मोबाइल उघडला आणि आधी फ्रीझ फ्रेम पाहिली. कोड नोंदवताना कॉम्प्युटर त्या क्षणाचे आकडे गोठवून ठेवतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, आणि सर्वांत कमी लोक तीच उघडतात. आमची अशी होती : कूलंट ८८ अंश, वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटाला ७४०, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ९.

ट्रिमची गोष्ट समजली की अर्धे कोड समजतात. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो, त्या हिशेबाने इंजेक्टर उघडा ठेवतो आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो, जमलं का? सेन्सर म्हणाला ऑक्सिजन उरतोय, तर पेट्रोल वाढव. म्हणाला उरत नाही, तर कमी कर. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म. तीच दुरुस्ती सारखी करावी लागतेय असं दिसलं की ती सवय म्हणून लिहून ठेवतो, ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज १० टक्क्यांच्या आत खेळत असेल तर चिंता नको. आमची ३० होती. म्हणजे हिशेबापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल जास्त ओतूनही सेन्सर पातळच म्हणत होता.

मग फाटकात उभ्या उभ्या न्यूट्रलमध्ये रेस देऊन फेरे २५०० वर धरले. दहा-पंधरा सेकंदांत बेरीज ३० वरून ८ वर आली. रेस सोडली, पुन्हा चढली. इथे माझ्या दृष्टीने निम्मा शोध संपला. पेट्रोलचा पंप मेला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर जास्त पेट्रोल मागितल्यावर गाडी आणखी उपाशी पडली असती, म्हणजे ट्रिम फेऱ्यांबरोबर वाढला असता. इथे उलटं होत होतं. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास बंद असतो, तिच्या पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जोराची ओढ असते, आणि एखाद्या फटीतून न मोजलेली हवा आत येते. तेवढी हवा आयडलच्या थोड्याशा हवेत मोठी ठरते. फेरे वाढले की मोजलेली हवा कितीतरी पट होते आणि फटीतली चोरटी हवा त्यात बुडून जाते.

हे गणित हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांचं. ज्या गाड्या मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज करतात, त्यांच्यात फटीतली हवाही दाबात दिसते आणि पेट्रोल त्या हिशेबाने सुटतं. तिथे मिश्रणाऐवजी अनेकदा आयडलच चढलेला दिसतो. आपली गाडी कुठल्या जातीची ते ठाऊक नसेल तर इंटरनेटवरचा निम्मा सल्ला आपल्यासाठी नसतो.

घाट सुरू होण्याआधी मामांच्या समाधानासाठी एका गॅरेजात थांबलो. मेकॅनिकने स्वतःचा स्कॅनर लावला, कोड वाचला आणि म्हणाला, “ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलून टाका.” त्याने ट्रिम पाहिला नाही, फ्रीझ फ्रेम उघडली नाही, बोनेटही उघडलं नाही. मी त्याला म्हटलं, जरा सेन्सरचा व्होल्टेज बघू या. आमच्याकडे जुन्या पद्धतीचा सेन्सर आहे. मिश्रण जाड असलं की ०.९ व्होल्टच्या आसपास, पातळ असलं की ०.१. एकदम रेस दिली, क्षणात ०.८८. सोडली, खाली शून्याजवळ. सेन्सर टुणटुणीत होता. पत्रात वाईट बातमी आली म्हणून पोस्टमन बदलायचा, असला प्रकार.

“पण कोड तर त्याचाच आहे,” बाहेर पडताना मामा म्हणाले.

कोड सेन्सरचा नव्हता. ऑक्सिजन सेन्सर स्वतः बिघडला तर त्याचे कोड वेगळे आहेत, पी-०१३० पासून पुढचे : वायर तुटली, प्रतिसाद मंद झाला, आतला हीटर गेला. पी-०१७१ म्हणतो की सेन्सरचं ऐकून पेट्रोल वाढवत वाढवत कॉम्प्युटर त्याच्या मर्यादेला पोचला. का पोचला ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं. गाडीतला कॉम्प्युटर बोनेट उघडून बघू शकत नाही, त्याच्याकडे फक्त तारांवर येणारे आकडे असतात.

घाटात गाडी छान चालली. हे मामांना विचित्र वाटलं, कारण दिवा चालू आणि गाडी चढावर जोरात. पण चढावर थ्रॉटल उघडा असतो, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या जवळ पोचतो, ओढच उरत नाही. मग फटीतून येणार काय? चढभर ट्रिम ४-५ टक्क्यांवर बसून होता. मी मामांना दुसरा आकडा लावून दिला, बाहेरच्या हवेचा दाब. पायथ्याशी ९९ किलोपास्कल दाखवत होता. प्रत्येक वळणाला एकेक उतरत गेला आणि सुमारे १२०० मीटरवरच्या माथ्यावर ८८ झाला. मामांनी खिडकीबाहेरची दरी सोडून तो आकडा पाहिला. इंजिनाला इथे खालच्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी हवा मिळते, म्हणून टर्बो नसलेली गाडी उंचावर जरा मरगळते. तो बिघाड नव्हे.

तिसरा दिवस : पठारावर मुक्काम

आज कुठेही जायचं नव्हतं. मित्र आणि वहिनी टेकडीवर चालायला गेले. आम्ही दोघं बोनेट उघडून बसलो.

हवेची फट शोधायची गॅरेजातली चांगली पद्धत म्हणजे यंत्राने इनटेकमध्ये धूर भरायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. आमच्याकडे धूर नव्हता. बरेच जण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात आणि फेरे कुठे बदलतात ते बघतात. मला ते पसंत नाही. ज्वालाग्राही फवारा आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यात वीतभर अंतर असतं. मी हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं इंजिनाच्या आसपास फिरवत गेलो. पंखा आणि बेल्टपासून नळी लांब ठेवायची, बाही आणि गळ्यातलं काही असेल तर आवरायचं.

थ्रॉटल बॉडीच्या सांध्याशी काही नाही. ब्रेक बूस्टरच्या जाड पाइपाशी काही नाही. इंजेक्टरांच्या बुडाशी नेहमीची टकटक. मग व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डच्या पाठीमागे जाणारा क्रँककेसच्या वाफांचा पाइप, त्याच्या खालच्या कोपरापाशी नळी गेली आणि कानात बारीक सूऽऽ असा आवाज आला.

डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं. टॉर्च आणि आरसा घेऊन खालून पाहिलं तर रबर वरून काळं कुळकुळीत आणि नवं वाटावं असं, पण वाकणाच्या आतल्या बाजूला तेलाने फुगून मऊ पडलेलं. बोटाने कोपर जरा सरळ केला आणि चीर उघडली, साधारण नखाएवढी. आतून तिच्या कडा चिकट होत्या. बोट सोडलं की पुन्हा मिटायची, म्हणूनच वरवर बघणाऱ्याला ती सापडली नसती.

“मामा, मोबाइल धरा. शॉर्ट टर्मचा आकडा मोठ्याने वाचा.”

“अधिक सात… अधिक आठ… सात…”

मी चीर अंगठ्याने दाबून धरली.

“तीन. शून्य. अरे, वजा झाला! वजा अकरा, वजा चौदा, वजा अठरा…”

लाँग टर्ममध्ये जादा पेट्रोलाची सवय लिहिलेली होती, फट बंद होताच ते पेट्रोल खरोखरच जादा झालं आणि शॉर्ट टर्म ते वजा करू लागला. मामांनी मला अंगठा काढायला लावला, परत ठेवायला लावला. मग स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला आणि आकडा वाचायला मला बसवलं. कालच्या गॅरेजात जाऊन हे दाखवावं असा त्यांचा विचार होता. मी तो टाळला.

पाइप साच्यातला, दोन वाकणांचा होता. सरळ तुकडा तिथे बसत नाही, चेपला जातो. इंजिन थंड झाल्यावर पाइप काढला, तेल पुसून कोरडा केला आणि स्वतःशीच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून तीन थर गुंडाळली. साधी चिकटपट्टी अशा ठिकाणी तासभरही टिकत नाही, तेल आणि उष्णता तिचा गोंद सोडवतात. परत गेल्यावर नवा पाइप घालायचा हे ठरलं.

मग वाद झाला. मामांचं म्हणणं, दुरुस्ती झाली, आता दिवा घालव. स्कॅनरवर बटण आहेच, दाबलं की कोड पुसले जातात. मी दाबलं नाही. पुसताना फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. शिवाय गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याची जी नोंद असते, ज्यांना मॉनिटर म्हणतात, ती सगळी कोरी होते आणि गाडीला सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. प्रदूषण तपासणीच्या आदल्या दिवशी कोड उडवणारे इथेच पकडले जातात, कारण दिवा विझलेला पण मॉनिटर अपुरे. बऱ्याच नव्या गाड्यांत तर पर्मनंट कोड नावाची आणखी एक नोंद असते. ती कुठल्याही स्कॅनरने पुसत नाही, गाडीनेच चाचणी घेऊन पुसायची.

आणि न पुसण्याचं खरं कारण म्हणजे, दिवा आपोआप विझला तर दुरुस्ती झाल्याची ती गाडीचीच पावती. लागोपाठच्या तीन प्रवासांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो. मिश्रण आणि मिसफायरच्या कोडना अट जरा कडक असते. दोष दिसला तेव्हा फेरे, भार आणि इंजिनाचं गरमपण जसं होतं, साधारण तशाच स्थितीत इंजिन पुन्हा यावं आणि तिथे दोष दिसू नये. म्हणजे आमचा दिवा चढावर कितीही गाडी हाणली तरी विझला नसता. त्याला गरम इंजिनाचं आयडल हवं होतं.

चौथा दिवस : पाऊस, आणि वहिनींची गाडी

रात्रीपासून पाऊस. पठारावरून खिंडीपर्यंत थोडा चढ आणि मग समुद्रापर्यंत उतार. चढावर पुढची गाडी एकदम हळू झाली, उजव्या बाजूचा इंडिकेटर लागला, मग डावा, आणि वहिनींनी ती कडेला घेतली. फोन आला : “भाऊजी, दिवा लुकलुकतोय आणि गाडी झटके खातेय.”

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे. लुकलुक म्हणजे सिलिंडरात पेट्रोल न जळता बाहेर जातंय, आणि ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. अशा वेळी रेस सोडायची, जोर काढायचा, जमेल तितक्या लवकर थांबायचं. वहिनींनी नेमकं तेच केलं होतं. मित्र शेजारून “खिंडीपर्यंत तरी घे” म्हणत होता, असं नंतर कळलं.

कोड दोन होते : पी-०३०० आणि पी-०३०२. पहिला म्हणजे मिसफायर, एका सिलिंडरवर बोट न ठेवता. दुसऱ्याचा शेवटचा आकडा सिलिंडरचा, दोन नंबर. हे कळतं कसं, याचं मला अजून कौतुक वाटतं. सिलिंडरात वेगळा सेन्सर नसतो. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्ट किंचित वेग घेते, स्फोट चुकला की तेवढ्यापुरती मंदावते, आणि क्रँक सेन्सर ते मंदावणं पकडतो. कन्व्हर्टरला धोका होईल इतके स्फोट चुकताहेत का, याचा हिशेब दर २०० फेऱ्यांत होतो. फार खडबडीत रस्त्यावर चाकांकडून येणारे धक्केही तसेच दिसतात, म्हणून बऱ्याच गाड्या तशा रस्त्यावर ही चाचणी थोडा वेळ थांबवतात.

सिलिंडर दोनमध्ये प्लगला ठिणगीचा व्होल्टेज देणारी कॉइल, खुद्द प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यांतलं काहीही गेलेलं असू शकतं. नवं सामान न घेता करता येण्यासारखी चाचणी एकच. मित्राने छत्री धरली. मी इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदलल्या. सुरू केलं, थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, जरा रेस दिली. इंजिन मिसिंग करायला लागलं आणि नवा कोड आला, पी-०३०३. दोष कॉइलबरोबर हलला होता.

इथे बहुतेक जण थांबतात. पण कॉइल काढताना तिच्या रबरी नळीच्या टोकाला पाणी होतं, आणि दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी बारीक रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाला जायच्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून बाहेरून पळत होती आणि जाताना कोळशाची वाट आखून गेली होती. पाणी आलं कुठून? वायपरच्या खालची जाळी उचलली. तिथला पाणी वाहून जायचा मार्ग सडलेल्या पानांनी गच्च भरला होता, पाणी काठावरून ओघळून थेट इंजिनाच्या मध्यावर पडत होतं. वहिनींनी मूठमूठ पानं काढली. त्याखाली भोक मोकळं झालं तसं साचलेलं पाणी गुडगुड करत निघून गेलं.

नुसती कॉइल बदलली असती तर पुढच्या पावसात नवीही गेली असती, आणि स्कॅनरवर पुन्हा पी-०३०२ च आलं असतं.

कॉइल पुसून कोरडी केली. तुटपुंजा उपाय होता, पण पुढे उतार होता. भार वाढला की सिलिंडरातला दाब वाढतो, दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतो आणि कमजोर कॉइल तिथेच हात टेकते. उतारावर हलक्या पायाने गाडी एकदाही चुकली नाही.

आमच्या गाडीत मामा मोबाइल घेऊन बसले होते आणि उतारावर अचानक ओरडले, “सेन्सर मेला! शून्य झाला!” मेला नव्हता. गिअरमध्ये गाडी उतरताना पाय पॅडलवरून काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर पूर्ण बंद करतो. इंजिनातून नुसती हवा जाते, सेन्सर बिचारा खरं तेच सांगतो. त्या वेळेत मिश्रण पातळ म्हणून कोणी कोड लावत नाही. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना मात्र ही फुकटची बचत मिळत नाही, कारण तिथे आयडल टिकवायला पेट्रोल लागतं, आणि इंजिनाचा ब्रेकही हातातून जातो.

पाचवा दिवस : किनारा

सकाळी दुसऱ्या गाडीला नवी कॉइल आणि नवे प्लग बसले. कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो काढून ठेवले आणि या वेळी कोड पुसले. मित्राने टोमणा मारला की स्वतःच्या गाडीला एक न्याय आणि माझ्या गाडीला दुसरा. पण इथे प्रश्न कन्व्हर्टरला काही झालंय का हा होता, आणि ती तपासणी नव्याने, स्वच्छ पाटीवर व्हायला हवी होती.

आमचा दिवा दुपारी विझला. म्हणजे विझलेला सापडला. बंदराजवळ गाडी सुरू केली तेव्हा नेहमीसारखे सगळे दिवे लागले, गेले, आणि तोही त्यांच्याबरोबर गेला. कोड आठवणीत मात्र राहतो. इंजिन थंडगार अवस्थेतून पूर्ण गरम होण्याचे ४० फेरे दोषाशिवाय झाले की तो स्वतःहून पुसला जातो.

संध्याकाळी मित्राच्या गाडीत पेंडिंग आला : पी-०४२०. त्याचा चेहरा पडला. या कोडने जितके चांगले कन्व्हर्टर भंगारात गेले असतील तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील. चाचणी अशी असते. कन्व्हर्टरच्या आत सेरियमचा ऑक्साइड असतो, तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज खालीवर नाचत असला तरी मागच्याचा जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला तर साठवण संपली असं कॉम्प्युटर समजतो. पण एक्झॉस्टचा सांधा गळत असेल आणि बाहेरची हवा आत ओढली जात असेल, किंवा मिश्रणच ठिकाणावर नसेल, तरी हाच कोड येऊ शकतो. मित्राच्या गाडीने कालच मिसफायर सोसला होता आणि कोड पुसल्यामुळे तिचे ट्रिम नव्याने शिकत होते. एका चाचणीवर निकाल द्यायला मी तयार नव्हतो.

सहावा दिवस : परतीचा रस्ता

कन्व्हर्टरची चाचणी गाडी मनाला येईल तेव्हा घेत नाही. इंजिन आणि कन्व्हर्टर पूर्ण तापलेले, वेग काही मिनिटं एकसारखा, पाय स्थिर, असं लागतं. गर्दीत ते जमत नाही, मोकळ्या सपाट रस्त्यावर जमतं. वहिनींना सांगितलं, एक वेग धरा आणि धरून ठेवा. मित्र मागे मोबाइल घेऊन बसला. मागच्या सेन्सरची रेघ ०.६ आणि ०.७ व्होल्टच्या मधे आडवी पडून होती. तासाभराने मॉनिटर पूर्ण झाल्याची खूण आली. पेंडिंगचा रकाना पुढच्या थांब्याला रिकामा होता.

टाकीच्या वाफांचा मॉनिटर मात्र दोन्ही गाड्यांत अपुराच राहिला. त्याला थंड इंजिन आणि टाकीत फार कमीही नाही, फार जास्तही नाही इतकं पेट्रोल लागतं. आम्ही तर प्रत्येक पंपावर फुल्ल करत होतो.

पोचल्यावर मामांनी डबी मागून घेतली आणि स्वतःच्या गाडीला लावली. दिवा कधीचा पेटलेला. त्यांच्या मते तो “कंपनीचा फॉल्ट”. कोड होता पी-०१२८, इंजिन अपेक्षित वेळेत पुरेसं तापत नाही. मामांची गाडी कधीच गरम होत नाही हे आम्ही सगळे कौतुकाने ऐकत आलेलो. त्यांना शेजारी बसवून चक्कर मारली. मोकळ्या रस्त्यावर कूलंट ६४ अंशांवर अडकलेलं, सिग्नलला उभं राहिल्यावर हळूहळू ७८, चालू लागल्यावर पुन्हा खाली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडा अडकलाय. रेडिएटरमधून पाणी कायम फिरतंय, इंजिन थंड समजून कॉम्प्युटर पेट्रोल जरा जास्त सोडतोय, आणि पुरेसं गरमच होत नसल्यामुळे निम्मे मॉनिटर चाचणीलाच बसत नाहीत.

“म्हणजे ॲव्हरेज म्हणूनच कमी देते?”

“तेही एक कारण असेल. आधी कूलंटची पातळी बघू. कमी असेल तरी सेन्सर चुकीचं सांगू शकतो.”

पातळी बरोबर होती. मामा मला म्हणाले, थर्मोस्टॅट काढून नुसतं मोकळंच चालवलं तर? मी म्हटलं, मामा, सध्या तुम्ही तेच चालवताय.